एकशे किती?

अन्याय माझ्या खोलीतल्या मैत्रिणीवर झाला. गेल्या महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, मराठीच्या एका संशोधन केंद्राच्या सेमिनार हॉलमध्ये, भरल्या सभेत. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपपाशी मी बसले होते. लाजेनं मान खाली घातली तेव्हा डोळ्यांसमोर स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ होतं.

तिचं नाव लिहीत नाही. तिनंच बजावलंय. "नाव घातलंस तर लोक आधी आडनाव वाचतील, मग धर्म वाचतील. प्रबंध वाचायला उरणार कोण?" त्यामुळे इथं कुणाचंच नाव नाही. ज्यांनी केलं त्यांचंही नाही. आपण केलं ते त्यांना कळेलच, आणि नाही कळलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मी पत्रकं लिहिणारी आहे. सातपूरच्या कंपन्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहून वाटायची पत्रकं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असल्यापासून हेच करते. पहिला धडा असा मिळाला होता: कुणावर, कधी, काय, हे आधी, तुझं तत्त्वज्ञान नंतर. कामगारानं मोटारसायकलला किक मारायच्या आत वाचून झालं पाहिजे. हे लिखाण त्याहून लांब जाणार आहे. गाडी स्टँडला लावा.

ती आणि मी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहतो. ती बागलाणातली. सटाण्याच्या पुढे तिचं गाव आहे, वडील शिंपी. घरी अहिराणी बोलतात, नमाजाला अरबी, बाजारात हिंदी, आणि शाळेपासून पुस्तकातली मराठी. खोलीत राहायला आली त्या दिवशी मी विचारलं, "किल्ली कुठाय गं?" ती गादी उलगडत सहज म्हणाली, "तठेच शे ना, खिडकीमा." मी हसले. अगदी दात दाखवून हसले. माझे वडील अजून 'हाय' आणि 'नाय' बोलतात, तरी मी हसले. तिनं त्या दिवसानंतर महिनाभर माझ्याशी एकही अहिराणी शब्द काढला नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी खूप जणांना बोलणार आहे आणि त्या रांगेत मी पहिली उभी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. एवढं व्याकरण पुरे. बाकी सगळा तमाशा या एका अक्षरावर झाला.

तिच्या प्रबंधाचा विषय होता नाशिक परिसरातल्या धार्मिक विद्याभ्यासातला हलका विनोद. पोथ्या शिकणारे, शिकवणारे, त्यांवर पुस्तकं लिहिणारे लोक आपसांत हसतात कशावर. मी आधी टिंगल केली होती. म्हटलं, लोक धर्मावरून एकमेकांची डोकी फोडतायत आणि तू विनोद गोळा करतेस? ती म्हणाली, "डोकी फोडणारे कधी शिकायला बसलेले नसतात गं. बसलेले असते तर हसले असते. रोज सहा तास एकच ग्रंथ घोकणारा माणूस हसल्याशिवाय जगूच शकत नाही." मुद्दा मला पटला होता, पण लगेच पटलं म्हणायची मला सवय नाही.

चार वर्षं तिनं विनोद जमवले. त्र्यंबकेश्वरच्या बसला मीही तिच्याबरोबर बऱ्याचदा गेलेय. एका पाठशाळेचे गुरुजी आधी बोलायलाच तयार नव्हते. मग तिनं विचारलं, "गुरुजी, मुलं संधी कशी शिकतात?" संधी म्हणजे दोन शब्द जुळून एक होतो तो व्याकरणातला प्रकार. गुरुजी एकदम हसायला लागले. म्हणाले, "अहो, काय सांगू. परवा एकाला म्हटलं, ही संधी सोडव. तर कार्टं म्हणतं, गुरुजी, आलेली संधी सोडायची नाही असं आईनं बजावून पाठवलंय!" त्यानंतर दोन तास ते बोलत होते. निघताना म्हणाले, "हे सगळं छापणार? छापा. फक्त त्या मुलाला कळू देऊ नका, डोक्यावर बसेल."

हे झालं दुसरं प्रकरण. तिसरं प्रकरण प्राध्यापकांचं, त्यांच्या चहाच्या खोलीतलं. त्यातला एक विनोद मला पाठ आहे: प्रबंध तीनच माणसं वाचतात. लिहिणारी, टाइप करणारा आणि बाइंडिंगवाला. त्यातल्या त्यात बाइंडिंगवाला जास्त प्रामाणिक, तो निदान दोन्ही पुठ्ठे बघतो. हा विनोद सांगणारे प्राध्यापक स्वतः मार्गदर्शक आहेत आणि सांगताना त्यांना अजिबात लाज वाटली नव्हती.

आणि चौथं प्रकरण तिच्या गावाचं. गावात तिच्या वडिलांच्या दुकानाच्या ओट्यावर दोन म्हातारे रोज बसतात. एक कीर्तनकार बुवा, एक मौलवीसाहेब. दोघांचे कुडते तिचे वडीलच शिवतात, आणि दोघंही 'मना कुडता आंगे' म्हणून आधी भांडतात. माझा कुडता आधी, म्हणून. बुवांना निम्मी गाथा तोंडपाठ आहे, मौलवीसाहेबांना पूर्ण कुराण. पण दोघांचं एकमेकांशी बोलणं अहिराणीत चालतं, कारण दोघांची आई तेच बोलायची.

त्या ओट्यावर एक जुना विनोद आहे. कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही. असा:

गावात मोठे शास्त्रीबुवा आले. कीर्तनाला बुवा उभे राहिले आणि म्हणाले, "देव एक शे." शास्त्रीबुवांनी पोथीतून मान वर केली आणि विचारलं, "एकशे किती?" बुवा हात जोडून म्हणाले, "तुम्ही मोजत बठा, महाराज. मना एकच शे."

बस, एवढाच आहे. पण ओट्यावर तो एवढ्यावर थांबत नाही. बुवा पुढे म्हणतात, "जपले बठनं व्हई तर आठ वाढवा." माळेचे एकशे आठ मणी. मौलवीसाहेब म्हणतात, "आमनाकडे एक कमी करा." अल्लाची नव्व्याण्णव नावं. आणि मग दोघं असे हसतात, की तिचे वडील शिलाईयंत्र थांबवून ओरडतात, "हळू! सुई बोटमा जाई!"

यावर गावानं एक रीत बसवली आहे. गावात नवा माणूस आला, बँकेचा साहेब म्हणा, ग्रामसेवक म्हणा, नवे मास्तर म्हणा, की त्याला त्या ओट्यावर बसवायचं आणि गप्पांच्या ओघात कुणीतरी साळसूदपणे म्हणायचं, "कसं शे साहेब, देव एक शे." नवा माणूस हमखास विचारतो, "एकशे किती?" की सगळा ओटा एका सुरात ओरडतो, "तुम्ही मोजत बठा! मना एकच शे!" मग त्या नव्या माणसानं सगळ्यांना चहा सांगायचा. चहा झाला की तो गावचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही असंच बसवलं होतं. मी विचारलं होतं, "एकशे किती?" आणि चहाही सांगितला होता. इतक्या वर्षांत या विनोदावर कुणी रागावल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

तिच्या प्रबंधाचा गाभा हे प्रकरण होतं. तिचं म्हणणं असं, की हा विनोद अडाण्यांचा नव्हे. एकशे आठही माहीत असलेल्या आणि नव्व्याण्णवही माहीत असलेल्या माणसांचाच हा विनोद आहे. दोन विद्या आणि एक बोली जिथं रोज भेटतात तिथंच तो होऊ शकतो.

आता माझा गुन्हा.

प्रबंधाची शेवटची प्रत मी टाइप केली. तिला ताप होता, मला पत्रकांमुळे टायपिंगचा वेग होता. अहिराणी मजकुराखाली लॅपटॉप लाल रेघा ओढत होता. 'शे' दिसला की लाल, 'बठा' दिसला की लाल. मला त्या रेघांचा वैताग आला. हस्तलिखितात 'एक शे' होतं, मधे जागा सोडून. मी ती जागा मिटवली. एकशे. रेघ गेली. दोनशे, तीनशे, एकशे. हा विनोद मी तिच्या तोंडून दहा वेळा ऐकला होता, त्या ओट्यावर स्वतः फसले होते, तरी मिटवली. कान ऐकत होते, पण बोटं शाळेत शिकलेली होती.

मग तो गुरुवार आला.

प्रबंध विद्यापीठाला देण्याआधी तो समितीसमोर मांडावा लागतो. समितीचे अध्यक्ष म्हणून जे सर आले ते विनोदी व्याख्यानांसाठी शहरात प्रसिद्ध आहेत. लोक खुर्च्या धरायला तासभर आधी जातात. मीही एकदा गेले होते आणि खोटं कशाला सांगू, हसले होते. त्यामुळे ती खूश होती. सकाळी आरशासमोर ओढणी नीट करत म्हणाली, "बरं झालं हेच सर आले. यांना समजेल."

हॉल भरला होता. मागच्या दोन रांगांत नवे संशोधक, पुढे प्राध्यापक, एका बाजूला तिच्या मार्गदर्शक मॅडम. तिनं सुरुवात चांगली केली. एरवी बोलते तशीच, स्वच्छ, पुस्तकात शोभेल अशी मराठी. संधीचा विनोद आला तेव्हा सर मनमुराद हसले. "वा! काय सात्त्विक विनोद आहे! याला म्हणतात परंपरा!" पुढच्या रांगांनी माना डोलावल्या. प्राध्यापकांचा विनोद आला तेव्हा हसू जरा आवळलेलं होतं, पण होतं.

चौथ्या प्रकरणाची स्लाइड, मी टाइप केलेल्या त्याच प्रतीवरून उचललेली, मीच पुढे केली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत: देव एकशे.

तिनं भिंतीकडे पाहिलं नाही. ती श्रोत्यांकडे बघून वाक्य म्हणायच्या तयारीत होती. तेवढ्यात सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "थांबा. एकशे किती?"

हे मला नीट समजावून सांगायचं आहे, कारण पुढे जे झालं ते सगळं या क्षणावर आहे. सर खरंच विचारत होते. भिंतीवर 'एकशे' लिहिलं होतं, पुढे आकडा नव्हता, आणि प्रबंध त्यांनी वाचलेला नव्हता. वाचला असता तर पुढचीच ओळ त्यांचाच प्रश्न होती. पण ती समजली, सर खेळात आले. एवढा मोठा माणूस आपल्या गावच्या ओट्यावर येऊन बसला. तिचा चेहरा असा फुलला की मी तो विसरू शकत नाही. आणि तिनं गावाची रीत पाळली. दोन्ही हात जोडून, हसत, मोठ्यांदा म्हणाली:

"तुम्ही मोजत बठा, सर! मना एकच शे!"

मागच्या रांगेतली कळवणची, घरी अहिराणी बोलणारी दोन मुलं फस्सकन हसली. बाकी हॉल थंड.

"काय म्हणालात?" सरांनी विचारलं.

तिचं हसू अजून तोंडावर होतं. "सर, ते पुढचं वाक्य आहे. तुम्ही बरोबर..."

"बठा?" सर वळून पुढच्या रांगेकडे बघत म्हणाले. "बठा! म्हणजे आम्ही इथं बठायचं आणि मोजायचं!" आता हॉल हसला. आता सगळे हसले. ज्यांना विनोदात हसता आलं नव्हतं त्यांना तिच्यावर लगेच हसता आलं.

"सर, बठा म्हणजे बसा. ते आदरार्थी आहे. एकेरी असतं तर बठ झालं असतं," ती म्हणाली. तशाही अवस्थेत तिनं व्याकरण सोडलं नाही.

"अहो, आदर शिकवू नका मला. संख्या अर्धवट लिहायची आणि वर परीक्षकाला म्हणायचं, मोजत बसा. टंकलेखन कुणी केलंय हे?"

मी तिच्यापासून चार फुटांवर होते. कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकानं पत्रकं हिसकावली तेव्हा ओरडून अख्खा रस्ता गोळा केलेली मी. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच, सर," ती म्हणाली.

बारा वाजून दहा मिनिटं.

समितीचा कागद दोन दिवसांनी आला. चौथं प्रकरण वगळावं, कारण ग्रामीण अज्ञानातून झालेल्या शब्दच्छलाला धार्मिक विद्याभ्यासातला विनोद म्हणता येत नाही. अध्यक्षांना उद्देशून वापरलेल्या भाषेबद्दल लेखी माफी द्यावी. तिच्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ या सत्राबरोबर संपते. म्हणजे माफी आणि कात्री, नाहीतर चार वर्षं पाण्यात. इतकं सरळ आहे ते.

मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मीही दारात उभी होते. मॅडम वाईट नाहीत, त्यांना फक्त निवृत्तीपर्यंत शांतता हवी आहे. म्हणाल्या, "अगं, दोन ओळी लिहून टाक ना. 'अनवधानाने' शब्द घाल. त्या एका शब्दात सगळं मावतं, मी तीस वर्षं बघतेय."

"पण मॅडम, अनवधानानं नाही म्हटलं मी. अवधानानं म्हटलं."

"मग तेच लिही," मॅडम वैतागून म्हणाल्या, "वर एक 'अन' लाव."

बाहेर आल्यावर ती हसत सुटली. जिन्यात बसून हसली. मी संतापले. "तुला हसू कसं येतं?" ती डोळे पुसत म्हणाली, "हे तिसऱ्या प्रकरणात घालायला पाहिजे गं." मग तिथंच, जिन्यात, मी सांगितलं की ती जागा मी मिटवली. रेघ नको म्हणून. "सरांनी टंकलेखन विचारलं, मी भिंतीवर बघितलं, तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "सर आणि तू एकाच शाळेत शिकलात. तुझ्यावर काय रागावू?"

याहून मोठी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही. सातपूरच्या गेटवरही नाही.

त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. जळजळीत. 'बोलीभाषेवर ब्राह्मणी हल्ला', 'विद्यापीठीय दहशतवाद', सगळे ठेवणीतले शब्द बाहेर काढले. तिनं वाचलं आणि परत दिलं. "यात मी कुठंय? आणि त्र्यंबकच्या गुरुजींनी काय घोडं मारलंय? त्यांनी तर मला लाडू दिले होते. त्यांना का त्या सरांच्या बाकावर बसवतेस?" मी म्हटलं, पत्रक असंच असतं. ती म्हणाली, "मग नको. चार वर्षं मी लोक एकत्र हसतात ते लिहिलं, आणि तू एका पानात परत त्यांना वेगळं बसवलंस." मी ते पत्रक फाडलं. चांगलं झालं होतं, तरी फाडलं.

रविवारी आम्ही सटाण्याची बस धरली. वडिलांना सांगणं भाग होतं. दुकानात ते काज करत होते, ओट्यावर दोघं म्हातारे होतेच. तिनं सगळं सांगितलं. 'एकशे किती'पर्यंत आली तेव्हा बुवांनी मांडीवर थाप मारली. "मंग? चहा सांगा का सरनी?" सरांनी चहा सांगितला का, म्हणून.

"नही सांगा, बुवा. माफी मांगी त्यासनी."

मौलवीसाहेबांना वाटलं, सरांनी माफी मागितली. "कसाले बिचारानी? नवा माणूस, चुकसच." ती म्हणाली, माफी माझ्याकडून मागितली. दोघांना ते दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा समजलं. त्या दोन विद्वान माणसांचे चेहरे त्या वेळी कसे झाले ते त्या कागदावर सही करणाऱ्यांनी एकदा जाऊन बघावं. अज्ञान म्हणे! ज्यांनी हा शब्द लिहिला त्यांना त्या ओट्यावर एक पान पाठ म्हणून दाखवता येईल का? कुठल्याही ग्रंथाचं. मी आव्हान देते.

वडिलांनी काज पूर्ण केलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "लिखी दे, बेटा. माफी लिखी दे, डिग्री ली ये."

"अब्बा..."

"हासानं ते घरमा. बाहेर हासनं का लोके इचारतस, कोणवर हासनात? आपले तर पयले इचारतस." हसायचं ते घरात. बाहेर हसलं की लोक विचारतात, कुणावर हसलात? आणि आपल्याला तर आधी विचारतात.

मी मधे पडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला काय ठाऊक त्यांना काय काय विचारलं गेलंय ते. माझ्या वडिलांना 'हाय' म्हटल्याबद्दल सुपरवायझर फार तर गावंढळ म्हणाला असेल. या माणसाला हसायचं तरी आधी आजूबाजूला बघावं लागतं. आणि अशा घरातली मुलगी हसण्यावर प्रबंध लिहिते, तेही मराठीत, आणि आपण तिला काय विचारतो? टंकलेखन कुणी केलं.

ती वडिलांसमोर खाली बसली. "अब्बा, मी त्यासवर नही हासनू. मी त्यासनासंगे हासनू. एवढंच लिखेल शे चार वरीस. ते चूक शे म्हणीसन सही करू, तर मंग काय उरनं?" मी त्यांच्यावर हसले नाही, त्यांच्याबरोबर हसले. चार वर्षं एवढंच लिहिलंय. तेच चूक होतं म्हणून सही केली तर उरलं काय?

वडिलांनी काज केलेला कुडता बाजूला ठेवला. दुसरा कुडता घेतला. पण आम्ही निघताना बसस्टँडपर्यंत आले, आणि बस हलताना खिडकीशी येऊन त्यांनी मला विचारलं, तिला नव्हे, "ताई, तठे तिनासंगे कोण ऱ्हाई?" तिथं तिच्याबरोबर कोण असेल?

मी म्हटलं, मी असेन. त्यांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना पुरेसं वाटलं नाही, आणि बरोबर आहे. मागच्या वेळी मी होतेच की.

परत आल्यावर मी समितीला लेखी कळवलं, की ती चूक माझी, प्रत मी टाइप केली, मूळ हस्तलिखितात जागा आहे, सोबत पानाची झेरॉक्स. उत्तर आलं: सदर बाब प्रस्तुत नाही. तिनं स्वतंत्र अर्ज केला. माफी देणार नाही, प्रकरण वगळणार नाही, पुन्हा मांडणी करू द्या. मॅडमनी सही करताना हात आखडला, पण केली. त्याबद्दल त्यांना सलाम. समितीनं एक संधी दिली आहे. शेवटची, असं कागदावर अधोरेखित करून.

सध्या ती रोज संध्याकाळी खोलीत उभी राहून सराव करते. विनोद म्हणायची वेळ आली की थांबते. "इथं कुणी हसलं नाही तर?" मला विचारते. मी हसून दाखवते, तर म्हणते, "असं नको, पत्रकासारखं हसतेस." तिच्या मनात मागच्या वेळचं हसू बसलंय. कागद, मुदत, सगळं राहू द्या बाजूला. जिनं चार वर्षं हसणारी माणसं शोधली, तिला आता हसण्याची भीती वाटते. हा खरा अपराध आहे आणि त्याला माफीचा कुठलाच अर्ज नाही.

आता तुमच्याशी बोलते. हो, तुमच्याशीच. वाचून 'अरेरे' म्हणाल आणि पान उलटाल, ते मला चालणार नाही.

फेरमांडणी येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, त्याच हॉलमध्ये आहे. केंद्राचं नाव इथं घातलेलं नाही; सातपूरच्या गेटवर शिफ्ट सुटताना मी असते, विचारा. ही मांडणी खुली असते. नियमातच तसं आहे, कुणाची परवानगी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. फक्त कुणाला हे सांगितलेलं नसतं, म्हणून खुर्च्या रिकाम्या राहतात आणि चार माणसं जे ठरवतील ते विद्वत्ता म्हणून छापलं जातं. तुम्ही या. बागलाणचे असाल तर या, पेठ-सुरगाण्याचे असाल, घरी तिथली आदिवासी कोकणी बोलून कॉलेजात तोंड शिवून बसत असाल, तर नक्की या. कॉलेज रोडवर जन्म गेला असेल तर तुम्ही आधी या, कारण त्या दिवशी हसलेले बहुतेक तुमच्यातले आणि माझ्यातले होते. घोषणा नकोत. बोर्ड नकोत, मीही आणणार नाही. बसा, तिचं चौथं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐका. हसू आलं तर मोकळेपणानं हसा, नाही आलं तर हसू नका, पण ती बोलत असताना तिच्या बोलण्यावर कुणी हसलं तर तिथंच उठून त्याला विचारा, कशावर हसलास? आणि प्रकरण वगळायचं का, असं समितीनं विचारलं, तर माझ्यासारखं स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघू नका. तोंड उघडा आणि नाही म्हणा.